बॉनेटवरची तीट

नाना कोणत्याही यंत्राची किंमत विचारण्यापूर्वी त्याचा दम विचारीत. विहिरीवरचा पंप असो, पिठाची गिरणी असो की ट्रॅक्टर असो, विकणारा गुण सांगू लागला, की नाना हात वर करून त्याला थांबवीत आणि म्हणत, "ते राहू द्या. याला दम किती?" या प्रश्नाचे उत्तर माहितीपत्रकात छापलेले नसते. त्यामुळे विक्रेते गडबडत आणि नानांना समाधान वाटे.

नाना म्हणजे माझ्या पत्नीचे थोरले बंधू. गाव शिंदखेडा तालुक्यातले. शेती, गिरणी आणि दुसऱ्याच्या कामात लक्ष घालणे हे त्यांचे तीन व्यवसाय; त्यांपैकी तिसरा मुख्य. लग्नाला इतकी वर्षे होऊनही ते मला 'पाहुणे' म्हणत. जळगावात माझ्या घरी येऊन, माझ्याच खुर्चीत बसून, मलाच "या पाहुणे, बसा" म्हणत. मी पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होतो. मोजल्याशिवाय काही मानायचे नाही, ही माझी सवय. आधी मानायचे आणि मग जमल्यास मोजायचे, ही नानांची. तरीही आमचे जमले. का जमले, याचा मी विचार केलेला नाही.

त्यांना रंगवण्याचे वेड होते. गिरणीला हिरवा रंग दिला, तो उरला म्हणून बैलगाडीला दिला, तेथूनही उरला म्हणून शेजाऱ्याच्या फाटकाला दिला. शेजाऱ्याला विचारले नव्हते. शेजारी भांडायला आला तेव्हा नानांनी त्याला चहा पाजला आणि फाटकाची दुसरी बाजू कधी रंगवायची ते ठरवून घेतले. अशा माणसाशी भांडण पूर्ण होत नाही. मी अनेकदा प्रयत्न केला आहे.

आमच्या घरी एक जुनी पांढरी गाडी आहे. माझी नजर गाडी चालवण्याइतकी राहिलेली नाही, ती सौ. चालवते. तिला चालवायला शिकवले तेही नानांनीच, शिंदखेड्याच्या बाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर, शेजारी बसून मोठमोठ्याने सूचना देत. त्या सूचना ऐकून ती शिकली हे आश्चर्य आहे. तिचे गुडघे दुखतात. एसटीची पायरी तिला चढवत नाही. भावाकडे, दवाखान्यात, बाजारात, जिथे जाणे ते या गाडीने. नवी घ्यावी असे मुलाने पुण्याहून सुचवले, तेव्हा ती म्हणाली, "नव्या गाडीत मला माझा पाय सापडत नाही." विषय तेथेच संपला.

गाडीला पंधरा वर्षे पूर्ण झाली. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी ती परिवहन कार्यालयात दाखवावी लागते. तपासणी करणाऱ्या साहेबांनी चारही बाजूंनी फिरून पाहिले आणि सभ्यपणे सांगितले, की इंजिन ठीक आहे, पण अंगभर गंज आहे; पत्रा दुरुस्त करून, रंग देऊन पुन्हा आणा, नाही तर नूतनीकरण होणार नाही. त्यांचे म्हणणे रास्त होते. पुढची तारीख मिळाली. घरी आल्यावर सौ.ने गाडी धुतली. आदल्या दिवशीच धुतली होती.

पत्र्याचे काम एका वेल्डरने करून दिले. रंगाचे मात्र घोडे अडले. ज्या गॅरेजमध्ये जावे तेथे रांग. कोणी दिवाळीनंतर बघू म्हणे, दिवाळीनंतर संक्रांत सांगे. मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, सोडा आता. भंगारात द्या." हा फोन स्पीकरवर होता आणि नाना समोर बसले होते.

"अरे, भंगारात दे म्हणतो!" नाना म्हणाले. "तुझ्या आईचे पाय आहेत ते. घरी रंगवू आम्ही."

"मामा, घरी कसं रंगवणार? कॉम्प्रेसर लागतो, स्प्रे गन लागते..."

"मग घेऊ. पाहुणे घेतील."

माझ्याकडे कोणी पाहिलेही नाही.

मुलगा मुळात चांगला आहे. त्याने आठवड्यात एक छोटा कॉम्प्रेसर पाठवून दिला. हातात उचलून नेता येईल असा, सुबक. आम्ही जुन्या कपाटाच्या दारावर चाचणी घेतली. वरचे अर्धे दार छान रंगले. मग गनमधून फुसफुस आली, रंगाचे थेंब उडाले आणि खालच्या अर्ध्या दाराला देवी आल्यासारखे दिसू लागले. टाकी लहान, गनला हवी तेवढी हवा यंत्र भरून काढू शकत नव्हते. दाब पडला की रंग फवारला जात नाही, थुंकला जातो. शहरात वावरताना नाना आमच्यासारखीच मराठी बोलत, पण मन भरून आले किंवा बिघडले की त्यांच्या तोंडी अहिराणी येई. ते म्हणाले, "यामा दम नही शे, पाहुणे. फुगा फुगावाले बरं शे हाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही यंत्रांच्या दुकानात गेलो. नानांच्या हट्टामुळे गाडीच घेऊन गेलो, सौ. चालवत होती. दुकानदार शेठ राजस्थानकडचे, तीन पिढ्या जळगावात. नानांनी नेहमीचा प्रश्न विचारला. शेठ अनुभवी होते, ते म्हणाले, "दम तुम्हीच बघा, नानासाहेब. लावून देतो."

नानांची परीक्षा घेण्याची रीत अशी. गाडी दुकानाच्या पायरीला लागून उभी करायची. कॉम्प्रेसरची टाकी पूर्ण भरायची, त्याला रिकामी गन जोडायची. मग गनचा चाप पूर्ण दाबून, गाडीपासून वीतभर अंतर ठेवून, रंग देण्याच्या संथ चालीने पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत चालत जायचे. एका दमात गाडीची एक बाजू पार व्हायला हवी. दाबाच्या काट्यावर नजर ठेवण्याचे काम माझे. काटा रेघेखाली आला की मी ओरडून सांगायचे.

भर बाजारात एक वृद्ध गृहस्थ नुसत्या हवेने गाडी रंगवत आहे आणि दुसरा वृद्ध गृहस्थ दुकानातून "आला, खाली आला!" असे ओरडत आहे, हे दृश्य पाहायला रिक्षावाले थांबले. एकाने विचारले, "आबा, रंग दिसत नाही?"

"पांढऱ्यावर पांढरा आहे," नाना म्हणाले. "तुला कसा दिसेल?"

पहिले यंत्र मोठा आवाज करणारे निघाले. मोटार थेट पंपाला जोडलेली. नाना मागच्या दरवाजापर्यंतही पोहोचले नव्हते तोच मला ओरडावे लागले. "बठ्ठी हवा दरवाजापाशीच सरनी," नानांनी निकाल दिला; म्हणजे सगळी हवा तेथेच संपली. यंत्र हात भाजेल एवढे तापले होते. दुसऱ्याला पट्टा होता, पण टाकी तीच. ते डिकीच्या अलीकडे थकले. मग नानांची नजर कोपऱ्यातल्या एका अजस्र यंत्रावर गेली आणि ते तेथून हलेनात.

"हे घ्या."

"याला थ्री फेज लागते," मी म्हणालो. "आपल्याकडे साधी जोडणी आहे. हे लावले तर गल्लीचे दिवे जातील."

"माझा जनरेटर आणतो गावाहून."

शेठ हात जोडून म्हणाले, "नानासाहेब, गाडी रंगवायची आहे की विहीर खोदायची आहे?"

नाना मनापासून हसले. ज्याने त्यांची टर उडवली त्याच्यावर ते लगेच विश्वास ठेवीत; हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. मग मी यंत्रांवरच्या माहितीच्या पाट्या वाचल्या. घरगुती जोडणीवर चालेल अशी मोटार, पट्ट्यावर चालणारा पंप, आणि मिनिटाला गन जेवढी हवा खाते त्याहून अधिक देणारे, एवढे पाहून मी एकाकडे बोट दाखवले. त्याची टाकी माझ्या कमरेपर्यंत येत होती. नानांनी चाप दाबला आणि चालू लागले. पुढचे चाक, पुढचा दरवाजा, मागचा दरवाजा, मागचे चाक, डिकी. मी काट्याकडे पाहत होतो. नाना वळून दुसऱ्या बाजूने निघाले. गाडीत बसलेल्या सौ.ने काच खाली करून विचारले, "भाऊ, किती फेऱ्या मारणार? देवळाला प्रदक्षिणा आहे का ही?"

"दम शे!" नाना ओरडले. यंत्र ठरले. हवेतले पाणी अडवणारी लहान गाळणी शेठने आग्रहाने सोबत दिली. तिचे महत्त्व नानांना आधी पटले नाही. पण रंगात पाण्याचा थेंब गेला तर फोड येतात हे ऐकल्यावर ते त्या गाळणीला यंत्राहून अधिक जपू लागले. टाकीच्या तळाशीही पाणी साचते. काम संपले की खालची तोटी उघडून ते काढावे लागते. त्या दिवसापासून रोज सायंकाळी नानांचा एकच प्रश्न. समोर असले तर तोंडी, गावी गेले तर फोनवर: "पाहुणे, पानी काढं का?" मी यंत्र चालवलेले नसे. तसे सांगितले तरी ते म्हणत, "तरी काढा."

रंगाबद्दल एक वाद झाला. नानांना गाडी ट्रॅक्टरसारखी लाल हवी होती. नोंदणीत पांढरा लिहिले असता लाल गाडी नेणे म्हणजे नवा अर्ज, नवी खेप, हे मी समजावले. ते खिन्न झाले. पेट्रोलच्या झाकणाच्या आतला, उन्हाने न विटलेला पांढरा रंग दाखवून दुकानातून तीच छटा मिळवली. उन्हाळ्यात आमच्याकडे रंग हवेतच वाळतो आणि पत्र्यावर भुकटी पडते. थंडी होती हे बरे झाले. अंगणात ताडपत्रीचा मांडव घातला. धूळ बसावी म्हणून जमिनीवर पाणी मारले. नानांनी तोंडाला मुखपट्टी लावली आणि तिच्यातूनही ते बोलतच राहिले. काय बोलले ते कोणाला कळले नाही. त्या सकाळी घरात प्रथमच शांतता होती.

काम मात्र त्यांनी उत्तम केले, हे लिहिले पाहिजे. हात थरथरत असे, पण गन हातात आली की थरथर थांबे. एका चालीने, एका अंतरावरून, कडेच्या थोडे पुढे जाऊन चाप सोडायचा आणि परत यायचे. रंग झाला, त्यावर चमकदार पारदर्शक लॅकरचा थर झाला. बॉनेट सर्वांत शेवटी. दुपारी गाडी पाहून सौ. मांडवाच्या दाराशी बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "हिला आता बाहेर कशी काढू?"

येथे थांबले असते तर हा लेख येथेच संपला असता. परंतु नानांनी गल्लीला आमंत्रण दिले होते: रंग पाहायला या आणि भरीत खाऊन जा.

खानदेशात थंडीत कोणतेही चांगले काम झाले की भरीत होते. हिरवी-पांढरी मोठी वांगी तुरीच्या काड्यांच्या जाळावर भाजायची, ठेचायची, सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. गॅसवर भाजलेल्या वांग्याला नाना वांगे मानत नसत. मी थिनरचे डबे आधीच माडीवर नेऊन कुलूपबंद केले आणि जाळ अंगणाच्या दुसऱ्या टोकाला लावायला सांगितला. माझ्या मते मी सर्व काळजी घेतली होती.

दोन गोष्टी माझ्या ध्यानात आल्या नाहीत. सकाळी धूळ बसवायला मारलेले पाणी काड्यांच्या भाऱ्यावरही पडले होते, त्या पेटेनात. आणि आलेल्या मंडळींना बॉनेटची चमक दिसावी म्हणून नानांनी मांडवाची पुढची ताडपत्री वर बांधून ठेवली होती.

धूर झाला, जाळ होईना. मंडळी बसली होती. कोणी नम्रपणे विचारले, "नाना, भरीत उद्याच्याला आहे का?" तो टोमणा त्यांना लागला.

"लोके भुक्या शेतस आन् आग पेटत नही!" नाना उठले. त्यांची दृष्टी कॉम्प्रेसरवर गेली. पुढे काय होणार हे मला कळले, पण माझे शब्द नानांच्या पायांपेक्षा हळू चालतात. "एवढा दम घेतला तो कशासाठी?" असे म्हणत त्यांनी लांब नळी ओढत नेली, तिचे तोंड काड्यांत खुपसले आणि तोटी पूर्ण उघडली.

आग पेटली, हे मान्य करायला हवे. कोणत्याही फुंकणीने पेटली नसती अशी पेटली. त्याबरोबर सगळी राख एकदम उठली, अंगणावर छत्रीसारखी पसरली, मांडवाच्या उघड्या तोंडातून आत गेली आणि ओल्या बॉनेटवर अलगद उतरली.

तपासणीची तारीख आठवड्यावर आली होती, हे सर्व गल्लीला ठाऊक होते. कॉम्प्रेसर तेवढा हवा भरत गुरगुरत होता. सौ. पुढे गेली, बॉनेटकडे वाकून तिने पाहिले आणि विचारले, "भाऊ, तीळ पेरले का रे?"

एका शेजाऱ्याने रुमाल काढला. नाना ओरडले, "हात लावू नका! ओल्या रंगाला हात लावायचा नाही. आता वांगी भाजा, आग चांगली आहे." आणि त्यांनी खरोखरच स्वतः बसून वांगी भाजली. सर्वांनी राखाळलेल्या बॉनेटसमोर बसून भरीत खाल्ले. भरीत फारच चांगले झाले होते. नानांनी मात्र फक्त वाढले. त्यांच्या ताटात भाकरी तशीच होती. ते माझ्याशिवाय कोणी पाहिले नसावे.

नाना त्या आठवड्यात गावी गेले नाहीत. शेतात हरभरा पाण्याला आला होता. त्यांचा मुलगा गावाहून फोन करत होता. "बहिणीची गाडी ओली आहे," एवढेच उत्तर त्याला मिळे. लॅकर पुरते कडक होईपर्यंत त्यांनी वाट पाहिली. मग पाण्यात भिजवून घासायचा बारीक कागद घेऊन बॉनेट घासायला बसले. मी मदतीला बसलो. ते मला उठवून लावत आणि मी पुन्हा बसे.

घरात त्यांनी फोडणी बंद केली. तेलाचा धूर रंगावर बसतो, असे त्यांचे म्हणणे. मोहरी तडतडली की ते अंगणातून ओरडत. आम्ही बिनफोडणीचे वरण, दही आणि भाकरी यांवर राहिलो. सौ. म्हणाली, "माझ्या घरात माझीच फोडणी बंद! आणि राख कोणी उडवली?"

"म्हणून तर," नाना म्हणाले. ती हसू लागली, मग तेही. लॅकरचा नवा थर त्यांनी पहाटेच्या स्थिर हवेत दिला. ताडपत्री चारही बाजूंनी बांधलेली होती आणि फाटकाला मी स्वतः कुलूप लावले होते.

तपासणीला आम्ही तिघेही गेलो. साहेब फिरून पाहत आले, बॉनेटपाशी थांबले. काचेलगतच्या बॉनेटच्या कोपऱ्यात त्यांचे बोट टेकले. तेथे लॅकरखाली राखेचा एक काळा कण होता, तिळाएवढा. माझ्या नजरेतून तो सुटला होता. सौ.ने माझ्या बाहीला धरले.

"हे काय?" साहेबांनी विचारले.

"तीट," नाना म्हणाले. "साहेब, लेकरू नटवलं की गालाला लावतो ना आपण? इतकी गोरी गाडी, नजर लागेल. मुद्दाम ठेवली."

साहेब हसले आणि त्यांनी सही केली.

परतताना मी विचारले, "नाना, खरोखर मुद्दाम ठेवली?"

"मग काय राहून गेली?" नाना म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. शस्त्रक्रिया ते पुढे ढकलत होते. मी पुन्हा विचारले नाही.

गेल्या उन्हाळ्यात नाना गेले. झोपेत गेले, त्रास झाला नाही. शिंदखेड्याला सौ.ने गाडी चालवत नेली, तिनेच परत आणली. त्या सायंकाळी मी अंगणात गेलो आणि कॉम्प्रेसरची खालची तोटी उघडली. यंत्र कितीतरी दिवसांत चाललेले नव्हते. थोडे पाणी निघाले.

मुलगा परवा आला होता. गाडीची पाहणी करून म्हणाला, "बाबा, तो काळा डाग पॉलिशवाल्याकडून काढून आणू? दिसतो वाईट."

मी नजर, दृष्ट वगैरे मानत नाही. त्याला सांगितले, "तो डाग नाही." आणि गाडी पुसायचे फडके त्याच्या हातातून घेतले.